लिफ्टवाल्या भाऊजींचा मदरबोर्ड

चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून मी आयुष्यभर एकच प्रश्न विचारत आले आहे, "हे बरं दिसतंय की ते?" त्यामुळे माझ्या लेखी माणसांच्या दोनच तऱ्हा. एक, आरशात एकदा बघून "हीच फ्रेम द्या" म्हणणारी. दुसरी, सगळे खण रिकामे करायला लावून शेवटी "उद्या येते" म्हणणारी. माझे धाकटे दीर, म्हणजे आमचे भाऊजी, या दुसऱ्या तऱ्हेचे मेरुमणी आहेत. एक साधी छत्री घ्यायची तरी दुकानातल्या सगळ्या छत्र्या उघडून, मिटून, पुन्हा उघडून बघतील, आणि दुकानदार रडकुंडीला आला की सांगतील, "जुनीच अजून बरी आहे."

भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. गावभरच्या इमारतींत कुठेही माणूस दोन मजल्यांच्या मध्ये अडकला की यांचा फोन वाजतो. स्वतः मात्र तळमजल्यावरच्या आपल्या खोलीतून आमच्याकडे जिन्याने येतात. का, तर म्हणे, "वहिनी, लिफ्टमध्ये पाय ठेवला की माझे कान कामावर जातात. सुट्टीच्या दिवशी नको वाटतं." लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर "अजून बघतोय" म्हणतात. डोक्यावरचे केस पांढरे झाले, तरी बघतायत.

कामाची त्यांची एक रीत आहे, ती मी एकदा आमच्याच इमारतीत पाहिली. वरच्या मजल्यावरच्या आजी लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. सगळे ओरडत होते, लवकर करा, लवकर करा. भाऊजींनी हत्यारांची पिशवी खाली ठेवली, दाराच्या फटीला तोंड लावलं आणि आजींशी गप्पा सुरू केल्या. आत उजेड आहे का, बसायला जमतंय का, घरी दूध तापत ठेवलंय का. मग काम. आजी बाहेर आल्या त्या बोलतच आल्या. कुठलंही यंत्र हातात घेतलं की त्यांचा पहिला प्रश्न ते किती वेगाने चालतं हा नसतोच. "बंद पडलं तर आतल्या माणसाचं काय?" हा असतो. या प्रश्नाने त्यांनी कैक विक्रेत्यांच्या नाकी नऊ आणलेत.

आता आमच्या ह्यांच्याविषयी. हे म्हणजे माझे यजमान, भाऊजींचे दादा. एका सकाळी दाढी करता करता यांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. कानांना ऐकू येतं, सगळं कळतं, पण शब्द बाहेर पडत नाहीत. इतक्या सगळ्या शब्दांतून एकच मागे राहिला, "चालेल." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं, एखादा शब्द तगून राहतो. नशीब बघा, राहून राहून तो राहिला. जो माणूस कधी कशाला चटकन 'चालेल' म्हणाला नाही, त्याच्याच तोंडात.

कारण आमचे हे हाडाचे भांडकुदळ. पडद्याच्या रंगावरून भांडतील, पंख्याच्या वेगावरून भांडतील, आणि सिनेमावरून तर विचारूच नका. मला रडवणारे सिनेमे आवडतात. यांना ते आवडतात ज्यांत लांब कोट घातलेला एक पोलीस अधिकारी तासभर खिडकीतून बाहेर बघतो आणि शेवटी सांगतो, खून माळ्याने केला. भिंतीतलं एक अख्खं कपाट या सिनेमांच्या डिस्कनी भरलेलं. वरचे खण यांचे, खालचे माझे, आणि सुट्टीच्या दिवशी कुणाच्या खणातली डिस्क लावायची यावरून ठरलेली जुगलबंदी.

झटक्यानंतर ते सगळं संपलं. "सूप देऊ की दूध?" चालेल. "खिडकी लावू की उघडी ठेवू?" चालेल. "माझा सिनेमा लावू का?" चालेल. बघायला येणारे म्हणायचे, किती समजूतदार झालेत हो! मला तर त्यांना जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटे. समजूतदार कसले? या माणसाला काय हवंय ते मला कळत नव्हतं. सूप भरवताना कळत नव्हतं, कूस बदलताना कळत नव्हतं. एका घरात इतकी वर्षं राहून मी परक्याची सेवा करावी तशी अंदाजाने करत होते, आणि यांच्या डोळ्यांतून दिसायचं की तो अंदाज पुष्कळदा चुकतोय.

टीव्ही तरी आपला आपण बघतील म्हणून मी रिमोट यांच्या डाव्या हातात दिला. पण रिमोटवर मुंगीएवढी बटणं, आणि तो टीव्ही म्हणजे रोज नवी सोंगं आणणारा. एका सकाळी उठून बघतो तर त्याने स्वतःलाच सुधारून घेतलेलं. कालच्या जागी आज दुसरंच काहीतरी, वर जाहिराती, मधे कसला तरी परवलीचा शब्द मागतोय. ह्यांनी थोडा वेळ धडपड केली, मग रिमोट उशीखाली सरकवला आणि भिंतीकडे तोंड केलं. भाऊजी दारात उभे होते. त्यांनी ते पाहिलं.

"वहिनी," दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "टीव्हीला आपण स्वतःचा कम्प्युटर जोडू. लिनक्सवर चालणारा."

"ते काय असतं?"

"विंडोजसारखंच, पण फुकट. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलंय. मुख्य म्हणजे आपण सांगितल्याशिवाय ते स्वतःचा चेहरा बदलत नाही. दादाच्या सगळ्या डिस्क त्यात उतरवू. पडद्यावर मोठी मोठी चित्रं, आणि हाताशी दोनच बटणं. एकाने पुढचं चित्र, दुसऱ्याने ते लावायचं. लिफ्टची बटणं बसवतो. हाताला चांगली लागतात, भोवती दिवाही असतो."

मी म्हटलं, वा, मग आणा की. आणि इथे घोडं अडलं, कारण आणायचा होता मदरबोर्ड.

मदरबोर्ड म्हणजे कम्प्युटरची ती मुख्य पाटी, जिच्यावर बाकी सगळं बसतं. तो एकदा ठरला की उरलेलं सोपं, असं भाऊजींनी मला समजावलं. पण तो ठरेना. आमच्या जेवणाच्या टेबलावर माहितीपत्रकांचा ढीग साचला. मी ताट ठेवायला जागा शोधत फिरायची. याला पंखा आहे, दादा आवाजाने दचकतो, म्हणून नको. त्याला पंखा नाही, पण लिनक्समध्ये त्याचा आवाज टीव्हीपर्यंत पोचत नाही, मुका सिनेमा बघायचा का? तिसऱ्याचं सगळं उत्तम, पण चित्र अडखळतं असं कुणीतरी इंटरनेटवर लिहिलंय.

"अहो, दुकानात तयार डबे मिळतात ना छोटे छोटे?" मी वैतागून म्हटलं.

"मिळतात. पण तयार डब्यात माझी बटणं कुठे जोडू? तो उघडला तर बंद होत नाही, बंद झाला तर उघडत नाही."

"भाऊजी, तुमचं म्हणजे नमनालाच घडाभर तेल!"

"हो," ते शांतपणे म्हणाले आणि पुढचं पत्रक उलगडलं.

अखेर एक ठरला. आमच्या दुकानाच्याच रस्त्यावर कम्प्युटरचं दुकान आहे, त्याच्या मालकीणबाईंनी मागवून दिला. हातावर मावेल एवढा, हिरवा, पंखा नसलेला. भाऊजींनी तो दुकानातच चालू करून त्याला कान लावला, तसा ते लिफ्टच्या मोटारीला लावतात. मालकीणबाई माझ्याकडे बघून हसल्या. "मीही हेच करते," म्हणाल्या, "फक्त गिऱ्हाइकासमोर नाही."

भाऊजींनी लाकडाचा एक छोटा डबा तासून यांच्या खुर्चीच्या डाव्या हातावर बसवला. दोनाऐवजी तीन बटणं केली होती, तिसरं कम्प्युटर चालू करायचं. कम्प्युटर चालू करायला मदरबोर्डवरच्या दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडल्या की काम होतं, मग त्या दारावरच्या घंटीच्या बटणाने जोडा नाहीतर लिफ्टच्या. भाऊजी एकदम खुशीत होते. "दादा, आता सगळं तुझ्या हातात. दाब."

ह्यांनी दाबलं. भोवतीचा दिवा लागला. टीव्ही काळाच. कम्प्युटरला जागं व्हायला वेळ लागतो. ह्यांनी पुन्हा दाबलं. मग पुन्हा. लिफ्ट येत नाही म्हणून आपण सगळे दाबतो तसंच. आणि प्रत्येक दाबण्यासरशी कम्प्युटर चालू होता होता बंद, बंद होता होता चालू. शेवटी ह्यांनी बटणावर बोट ठेवून दाबून धरलं. तसं धरलं की कम्प्युटर ताडकन मरतो, ही त्याची मुळातली सवय. पडदा क्षणभर उजळला आणि काळा झाला.

ह्यांनी हात उचलला आणि मांडीवर ठेवला. आपणच मोडलं, असं यांना वाटलं. भाऊजींनी हजारदा समजावलं की मोडलेलं नाही, चूक यंत्राची आहे. "चालेल," हे म्हणाले, आणि पुन्हा त्या डब्याला बोट लावलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी यांचा हात धरून बटणावर ठेवला तर ह्यांनी मूठ आवळली.

भाऊजी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभे राहिले. त्यांचा चेहरा इतका पडलेला मी यांच्या आजारपणातही पाहिला नव्हता.

"चूक यंत्राची नाही वहिनी, माझी आहे. लिफ्टचं बटण माणूस शंभरदा दाबतो, लिफ्ट एकदाच ऐकते. पहिल्यांदा दाबलं की तिने नोंद घेतली, नंतरचं सगळं ती सोडून देते. जन्मभर तेच केलंय मी. बटण जास्त दाबल्याने काही बिघडू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"मग आता?"

"आता बोर्ड बदलायचा."

माझ्या कपाळावर आठी आली असणार, कारण ते घाईघाईने सांगू लागले. चालू करायचं बटणच नको. भिंतीवरचं बटण लावलं, म्हणजे वीज आली, की बोर्डाने आपला आपण उठायला हवं. सगळेच बोर्ड असे उठत नाहीत. हा पहिला उठत नव्हता. आणि उरलेल्या दोन बटणांसाठी बोर्डावर जुन्या पद्धतीच्या पिना हव्यात, लिफ्टच्या नियंत्रकाला असतात तशा, म्हणजे दहादा दाबलेलं एकदाच ऐकायला भाऊजी त्या बोर्डाला स्वतः शिकवू शकतील.

"भाऊजी, एवढं करूनही हे हात लावतील का हो?" मी विचारलं. तो प्रश्न मला बोर्डापेक्षा जास्त छळत होता.

ते म्हणाले, "आमचे बाबा गेले तेव्हा मी शाळेत होतो. दादा शिकायचं सोडून कामाला लागला. पण मला चपला घ्यायच्या असल्या तरी दुकानात चार जोड मांडायला लावायचा आणि म्हणायचा, तुला आवडेल तो घे, वेळ लागू दे. दुकानदार चिडायचा. दादा त्याच्याशी भांडायचा. वहिनी, मला निवडायला वेळ लागतो म्हणून तुम्ही सगळे हसता ना, तर ती सवय दादाने लावली आहे. आणि त्या माणसाला मी आता 'चालेल' म्हणत बसू देऊ?"

मी त्यांच्यासाठी चहा टाकला आणि टेबलावरचं माझं ताट उचलून त्यांच्या पत्रकांना जागा करून दिली.

पुढचा शोध मीही त्यांच्याबरोबर केला. जेवणाच्या सुट्टीत मी रस्ता ओलांडून मालकीणबाईंच्या दुकानात जायची. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. पहिला बोर्ड त्यांनी कुरकुर न करता परत घेतला आणि त्यांच्याकडे होते नव्हते ते सगळे खोक्यांतून काढून मांडले. भाऊजींची परीक्षा साधी होती. एकेक बोर्ड जोडायचा, त्याच्या आतल्या सेटिंगमध्ये 'वीज आल्यावर सुरू हो' असं काही आहे का ते शोधायचं, मग भिंतीतला प्लग उपटायचा, पुन्हा घालायचा आणि हात बांधून बघत राहायचं. बोर्ड उठतो का? एक उठला नाही. एक उठला, पण प्लग दुसऱ्यांदा उपटल्यावर रुसला. एकाचं सेटिंग होतं, पण ते त्याच्या लक्षातच राहायचं नाही. दुकानात आलेलं गिऱ्हाईक, आम्ही वेड्यांच्या इस्पितळातून सुटून आलोय असं आमच्याकडे बघायचं. मालकीणबाई त्यांना सांगायच्या, "जरा थांबा हं, इथे एकाची निवड चाललीय."

शेवटी उपयोगी पडला तो एक अनोळखी माणूस. इंटरनेटच्या कुठल्याशा कोपऱ्यात, बऱ्याच वर्षांपूर्वी, त्याने लिहून ठेवलं होतं की अमुक एक जुना बोर्ड लिनक्सवर छान चालतो, पंखा लागत नाही, जुन्या पिना आहेत, आणि वीज आली की दर वेळी उठतो. त्याने हे का लिहिलं असेल? कुणी विचारलंही नव्हतं. भाऊजींनी त्याला आभाराचं लिहिलं. त्याचं उत्तरही आलं, "माझ्या आईसाठी केलं होतं. तुमचं चाललं की कळवा." मी तो बोर्ड मालकीणबाईंच्या माळ्यावरच्या, त्याही विसरून गेलेल्या जुन्या खोक्यांत स्वतः शोधला. धूळ नाकातोंडात गेली. भाऊजींनी प्लग उपटला, घातला. बोर्ड उठला. त्यांनी पुन्हा उपटला, पुन्हा घातला. पुन्हा उठला. भाऊजींनी बांधलेले हात सोडले आणि पहिल्यांदाच, कुठलाही दुसरा न बघता, म्हणाले, "हाच."

घरी जोडणी झाली. डब्यावर आता दोनच बटणं. मी भिंतीवरचं बटण लावलं, टीव्हीवर एकेक चित्र उमटलं, यांच्या वरच्या खणातले सिनेमे आणि माझ्या खालच्या खणातले, सगळे एकत्र. भाऊजी मुद्दाम एकेक बटण धडाधड दहादा दाबत होते. चित्र एकदाच पुढे सरकायचं. "बघ दादा, कसंही दाब. काही होत नाही. मी सांगतो ना, काही होत नाही." हे बघत होते. हात मांडीवरच.

मी ठरवलं, आग्रह करायचा नाही. आधीच्या वेळी आग्रहानेच बिघडलं होतं. मी यांच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि माझा सर्वांत आवडता सिनेमा, आई शेवटी मरते तो, चित्रांतून शोधून काढला. "हा लावू का?"

"चालेल."

मी लावला. सुरुवातीची नावं येऊ लागली. भाऊजी दाराशी हत्यारं पिशवीत भरत होते. मी रुमाल काढून मांडीवर ठेवला, कारण त्या सिनेमात मी पहिल्याच गाण्याला रडायला लागते. आणि शेजारी काहीतरी हललं. यांचा डावा हात मांडीवरून उठला, खुर्चीच्या हातावर आला, डब्यावर चाचपडला. बटणाभोवतीचा दिवा लागला. माझा सिनेमा थांबला. सगळी चित्रं परत आली. दिवा पुन्हा लागला. चित्रं सरकू लागली, एक, मग दुसरं, मग आणखी एक. हे सावकाश शोधत होते. घाई नव्हती. मधे एकदा चुकून पुढे गेले, तर सगळा फेरा पुन्हा घेतला. मग थांबले आणि दुसरं बटण दाबलं.

पडद्यावर पाऊस पडू लागला. लांब कोट घातलेला पोलीस अधिकारी खिडकीशी येऊन उभा राहिला.

"अहो!" माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं. "मी बघत होते ना!"

मी डब्यावर हात टाकला आणि माझा सिनेमा परत आणायला बटण दाबलं. ह्यांनी माझा हात बाजूला सारला. जोर काही फारसा नव्हता, पण सारला. मी पुन्हा दाबलं, ह्यांनी पुन्हा आपलं लावलं. हे माझ्याकडे बघतही नव्हते, समोरच बघत होते, आणि ओठांची जी डावी बाजू हलते ती वर गेली होती.

"अरे दादा, वहिनी, डबा निखळेल!" भाऊजी ओरडले. मग त्यांनी पिशवी तशीच टाकली, आमच्याकडे पाठ केली आणि बराच वेळ दाराच्या बिजागरीचा स्क्रू तपासत राहिले. त्या बिजागरीला काहीही झालेलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, "भाऊजी, तुमचे उपकार..." तर मागे न वळताच त्यांनी हात हलवला, म्हणजे पुरे.

त्यांचे, मालकीणबाईंचे, आईसाठी बोर्ड शोधणाऱ्या त्या माणसाचे आणि लिनक्स लिहिणाऱ्या सगळ्या न पाहिलेल्या लोकांचे मी मनातल्या मनात आभार मानले. झटक्यानंतर या घरात मला पहिल्यांदा नक्की कळलं होतं की माझ्या नवऱ्याला काय हवंय, आणि ते मला अजिबात नको होतं. मी हात डब्यावरून काढून घेतला. स्टूल आणखी जवळ ओढलं आणि तो कंटाळवाणा सिनेमा, माळ्याला पकडेपर्यंत, यांच्या खांद्याला खांदा लावून पाहिला. रडण्यासारखं त्यात काही म्हणता काही नाही. तरी माझा रुमाल पहिल्या पावसातच ओला झाला होता, आणि हे दर थोड्या वेळाने माझ्याकडे वळून बघत होते, हिला झालंय तरी काय म्हणून.